चार हजार डोळ्यांची डबी

मी बोलतोय. आवाज बारीक आहे माझा, कान जरा जवळ आणा. पोटात एक तबकडी गरगर फिरते, तिचीच ही गुणगुण. दुकानात मला ड्राइव्ह म्हणायचे, घरात मात्र सगळे "काळी डबी" म्हणतात. डबी म्हणा, डबा म्हणा, माझी हरकत नाही. फक्त "त्यात काय एवढं, फोटोच तर आहेत" असं म्हणू नका. ते ऐकलं की मला फार लागतं.

माझा जन्म एका पांढऱ्याशुभ्र खोलीत झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली. धुळीचा एक कण जरी माझ्या पोटात गेला असता, तरी माझा खेळ तिथेच आटोपला असता. मला जुळवलं, तपासलं, मिटवलं आणि खोक्यात घातलं. आईबापाचा चेहरा काही मी पाहिला नाही. पुढे एका दुकानाच्या फळीवर आठ महिने काढले. शेजारचे इयरफोन भराभर विकले जायचे, मला कोणी हात लावेना. ज्याचा फोटो अजून हरवलेला नाही, त्याला माझी आठवण येत नाही.

मला घेतलं ते फरशी बसवणाऱ्या एका मिस्त्रींनी. त्यांनी मला काउंटरवर ठेवलं, खिशातून पाणसळ काढली, ती बुडबुड्याची पट्टी हो, आणि माझ्या पाठीवर ठेवून बघितली.

"डबी सरळ आहे, काउंटर तिरका आहे तुमचा," ते दुकानदाराला म्हणाले. "द्या बांधून."

असा मी घरी आलो. मिस्त्रींची बायको, ज्यांना सगळे बाई म्हणायचे, त्या माणसांसाठी नकली डोळे बनवायच्या. दचकू नका. अपघातात, आजारात कुणाचा डोळा जातो, खोबण रिकामी राहते, माणूस चारचौघांत मान खाली घालून बसायला लागतो. बाई त्याच्या चांगल्या डोळ्याकडे बघून हुबेहूब जोडीदार रंगवायच्या. तीन केसांचा कुंचला. आणि डोळ्यातल्या लाल शिरांसाठी रेशमाचे सुटे धागे, इतके बारीक की बाई काम करताना मिस्त्रींना शिंकायचीही बंदी.

रंगवायचं ते फोटोवरून. आणि फोटोचा बाईंचा कडक नियम होता: सकाळी दहा ते अकरा, उत्तरेच्या खिडकीशी, दिवा बंद. "दिवा खोटं बोलतो," असं त्या म्हणायच्या. माणसाला स्टुलावर बसवून म्हणायच्या, "वर बघा. आता माझ्या कानाकडे. आता घरच्या कुणाची तरी आठवण काढा." त्या तिसऱ्या वाक्यावर त्या बटण दाबायच्या.

असे अकरा वर्षांचे चार हजारांवर डोळे त्यांच्या कॉम्प्युटरवर होते. एक दिवस कॉम्प्युटर चालू होता होता मध्येच बसला. दोन तासांनी उठला खरा, पण तेवढ्यात बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी मला आणलं.

सुरुवातीला बाई दर रविवारी हाताने फोटो माझ्यात उतरवायच्या. चार रविवार झाले, पाचवा राहिला, मग तीन महिने माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. माणसांची हीच तर गंमत आहे. भीती ताजी असते तोवर नेम, भीती शिळी झाली की आळस. शेवटी बाई म्हणाल्या, "अहो, हे आपोआप होईल असं काहीतरी बघा ना. सॉफ्टवेअर असतात म्हणे तशी."

मिस्त्री तेव्हा गुडघा दुखावून घरी बसले होते. त्यांना तेवढंच हवं होतं. तीन आठवडे ते कॉम्प्युटरसमोरून हलले नाहीत. लोकांची मतं वाचली, टाइलच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने रकाने आखले. एक सॉफ्टवेअर फार बडबडं निघालं, दर दहा मिनिटांनी "तुमचे फोटो धोक्यात आहेत" म्हणून ओरडायचं. दुसरं सगळे फोटो एका गाठोड्यात बांधून ठेवायचं आणि ते गाठोडं त्याच्याशिवाय कोणाला सोडता यायचं नाही. "म्हणजे उद्या हे रुसलं तर आपण काय करायचं?" म्हणत मिस्त्रींनी त्यावर काट मारली.

तिसऱ्यात एक चौकोन होता. त्यापुढे लिहिलं होतं: दोन्हीकडे सारखं ठेवा.

मिस्त्रींचे डोळे लकाकले. ज्याने तीस वर्षं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सारखं ठेवण्यात घालवली, त्याला दुसरं काय आवडणार? "बघ, हे आपल्या जातीचं आहे," ते बाईंना म्हणाले आणि त्या चौकोनात खूण केली. दुसराही एक चौकोन होता: मूळ जागी पुसलं तरी इथे ठेवा. तो त्यांना गबाळा वाटला. इकडे एक, तिकडे एक, ही काय पद्धत झाली?

मला कळत होतं हो. पण मी कोणत्या तोंडाने सांगणार? सारखं ठेवायचं म्हणजे इकडे आलं तर तिकडे आणायचं, आणि इकडे गेलं तर तिकडेही घालवायचं. त्यांना हवी होती तिजोरी, आणि त्यांनी मला आरसा करून टाकलं.

वर्षभर सगळं छान चाललं. रोज संध्याकाळी सहाला माझा दिवा लुकलुकायचा, नवे डोळे पोटात यायचे. मिस्त्री पाहुण्यांना मला दाखवायचे. "आपोआप!" असं म्हणताना त्यांची मान ताठ व्हायची, आणि खरं सांगतो, माझीही व्हायची.

मग कॉम्प्युटरची जागा संपली. बाईंनी जुन्या वर्षांचे फोटो निवडले. "डबीत आहेतच," म्हणाल्या आणि कॉम्प्युटरवरून पुसून टाकले. संध्याकाळी सहा वाजले. सॉफ्टवेअरने मला हुकूम सोडला. मी हुकमाचा ताबेदार. नऊ वर्षांचे डोळे मी एकेक करून पुसले आणि शेवटी हिरवा दिवा लावला, सगळं ठीक आहे म्हणून. त्या दिव्याची लाज मला आजही वाटते.

आठ दिवसांनी बसवाले काका आले. शाळेची बस चालवून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपूर्वी गाडीखाली काम करताना स्प्रिंग उडाली आणि त्यांचा उजवा डोळा गेला, तेव्हा बाईंनीच नवा केला होता. आता काकू त्यांचा हात धरून त्यांना आत घेऊन आल्या. नकली डोळा धुताना हातातून सुटून मोरीच्या जाळीतून गेला होता. आणि चांगल्या डोळ्यावर वर्षभरात पांढरा पडदा चढला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. काकांना आता काहीच दिसत नव्हतं.

"एक नवा डोळा करा," काका म्हणाले, "आणि या पांढऱ्यावर बसवायला त्याच रंगाची पातळ टोपी. होते ना तशी?"

"होते की," बाई म्हणाल्या.

"मला काही आरशात बघायचं नाही आता. पण हिला रोज माझ्याकडे बघायचंय. हल्ली ही बोलताना दुसरीकडे बघते. मला दिसत नसलं तरी कळतं हो. आवाज बाजूला जातो."

काकू पदराशी चाळा करत बसल्या.

"काळजी नको, तुमचा फोटो आहे माझ्याकडे," म्हणत बाईंनी मला जोडलं. शोधलं. पुन्हा शोधलं. जुन्यातलं माझ्याकडे काहीच नव्हतं.  बाईंनी काकांना आठवड्याने यायला सांगितलं, दारापर्यंत सोडलं, आणि परत येऊन मिस्त्रींना एवढंच विचारलं, "अहो, तुम्ही नक्की कशावर खूण केली होती?"

मिस्त्रींनी चष्मा लावून तो चौकोन वाचला. एकदा वाचला, दोनदा वाचला. मग चष्मा काढला.

"मी केलं हे," ते म्हणाले. "सारखं ठेवण्याच्या नादात त्या माणसाची नजर पुसली मी."

"आधी ती डबी काढा. आणि आता तिला अजिबात काही शिकवू नका," बाई म्हणाल्या. त्या संतापल्या असत्या तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं.

मला टॉवेलात गुंडाळून ते कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका ताईंकडे गेले. गुडघा दुखत असूनही मला हातातून खाली ठेवलं नाही. ताईंनी मला कानाशी धरलं, विचारपूस केली आणि म्हणाल्या, "पुसलं म्हणजे लगेच जात नाही. फक्त नावाची यादी जाते. फोटो तिथेच असतात, त्यांच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत."

"म्हणजे फरशी उखडली नाही, वरची खडूची खूण पुसली?" मिस्त्रींनी विचारलं.

"अगदी. पण आठ दिवस नवे फोटो येत राहिलेत. काही फरशा गेल्या असणार."

चार दिवस त्या माझ्या पोटातून कण कण उचलून दुसऱ्या डिस्कवर ठेवत होत्या. जवळजवळ सगळे डोळे परत आले, पण एकाचंही नाव नाही. नुसते आकडे. हजारो डोळे एकटक बघतायत, आणि कोणाचा कोण ते कोणालाच ठाऊक नाही.

बाईंनी स्टूल ओढलं. "हा मधाच्या रंगाचा, कडेला हिरवट. टपालवाल्या ताई. हा फळवाला, याला झोप कमी. ही नर्स." मिस्त्री शेजारी बसून नावं लिहीत होते. तीन दिवस दोघांनी धड जेवणही केलं नाही. पण तपकिरी डोळे शेकड्याने होते, आणि काका काही सापडेनात.

आठवड्याने काका-काकू आले. मिस्त्रींनी सगळं कबूल केलं, अगदी चौकोनासकट. 

"शाळेच्या बसमध्ये पोरं हरवायची, तेव्हा मी पोरांना नाही विचारायचो," काका म्हणाले. "त्यांच्या आईला बोलवायचो. हिला बसवा त्या पडद्यापुढे."

काकू बसल्या. बाई एकेक तपकिरी डोळा दाखवू लागल्या. काकू मान हलवायच्या, नाही. नाही. हाही नाही. मग एक अर्धाच फोटो आला. वरचा भाग शाबूत, खालच्या भागावर नुसता राखाडी पट्टा. तिथली फरशी गेली होती. बाई तो पुढे ढकलणार, तेवढ्यात काकूंनी त्यांचा हात धरला.

"थांबा. हेच."

"काकू, अर्धाच आहे हो. नीट बघा."

"नीट काय बघायचं? चेष्टा करायच्या आधी वरची पापणी अशीच चढते यांची. बेचाळीस वर्षं बघतेय मी."

"पण खालचं मी कशावरून रंगवू?" बाईंनी विचारलं.

"मी सांगते ना. खाली डावीकडे मोहरीएवढा काळपट ठिपका. त्याच्या खाली रंग जरा उतरतो, चहात दूध जास्त पडल्यासारखा. आणि खालची एक शीर नाकाकडे जाते, वाकडी. हसले की ती जास्त लाल होते."

काका हसले. काकू पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघत म्हणाल्या, "आता तिथे पांढरं आहे, पण मला दिसतंय."

पुढचे दोन आठवडे काकू रोज सकाळी दहाला खिडकीशी येऊन बसायच्या. बाई रंगवायच्या, त्या सांगायच्या. "अजून थोडा खाली. हां. नको, इतका शहाणा नका करू त्यांना."

डोळे बसवले त्या दिवशी काका मान वर करून बसले. काकू समोर उभ्या राहिल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "शर्टाचं बटण चुकलंय तुमचं. घरी गेल्यावर बघते."

आवाज सरळ त्यांच्या तोंडावर आला होता. काकांनी डोळे पुसले. बाईंनी शिकवल्याप्रमाणे, नाकाच्या दिशेने.

त्यानंतर सॉफ्टवेअर पुन्हा निवडलं, पण या खेपेला पुठ्ठा नाही. "आधी हरवून बघू, मग विश्वास ठेवू," बाई म्हणाल्या. मिस्त्रींच्या चपलेचा फोटो काढायचा, माझ्यात उतरू द्यायचा, कॉम्प्युटरवरून पुसायचा, एक दिवस जाऊ द्यायचा आणि मग सॉफ्टवेअरला म्हणायचं, आण परत. पहिल्या दोन सॉफ्टवेअरना चप्पल आणता आली नाही, ती गेली. तिसऱ्याने निमूट आणून दिली. ते ठेवलं. आता त्यात इकडे एक आणि तिकडे एक असतं, मिस्त्रींचा जीव अजून खालीवर होतो, पण ते पाणसळ खिशातच ठेवतात.

माझंही वय झालंय. रोजच्या कामाला धाकटा भाऊ आलाय. मी मिस्त्रींच्या बहिणीच्या घरी, कपाटात चादरींच्या घडीत असतो, एका घराला काही झालं तर दुसरीकडे असावं म्हणून. महिन्यातून एकदा मला नवे डोळे भेटतात.

तुमच्याही घरी माझा कोणी भाऊबंद असेल. हिरव्या दिव्यावर भाळू नका. एकदा मुद्दाम एखादी चप्पल हरवून बघा. आणि ज्याचा फोटो काढाल, त्याच्याकडे अधूनमधून फोटोशिवायही नीट बघत जा.

तो अर्धा फोटो बाईंनी पुसला नाही. राखाडी पट्ट्यासकट तो माझ्या पोटात आहे. नाव मिस्त्रींनी स्वतः टाइप केलंय, एका बोटाने: "बसवाले काका. वरचा अर्धा. खालचा काकूंकडे."