बंद झालेलं वर्ष

देश एवढासा, की खून झाला तर अर्धे लोक मेलेल्याला ओळखायचे आणि उरलेले मारणाऱ्याला. सांख्यिकी कार्यालयाला मात्र कधीच काही कळायचं नाही. तिथला नियमच तसा होता. न्यायालय खून म्हणत नाही तोवर तो खून नाही, नुसता मृत्यू. आणि निकाल लागेपर्यंत त्या वर्षाचे आकडे छापून वर्ष बंद झालेलं असायचं. बंद वर्षात मग कुणालाही जागा नाही.

गुन्ह्यांचे आलेख फूटपट्टी काढायची. तिला सूतभरही इकडेतिकडे चालायचं नाही, म्हणून कचेरीने ठेवलेलं हे नाव. इतकी वर्षं तो नियम तिने निमूट पाळला होता. मग गाडी लावण्यावरून झालेल्या भांडणात शेजाऱ्याने तिच्या दादाच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. खटला सहा वर्षं रखडला आणि यंदा शेजाऱ्याला जन्मठेप झाली.

"आता तरी मोजतील ना गं त्याला?" आईने विचारलं. दरवर्षी ती लेकीकडून आकड्यांचं पुस्तक मागून घ्यायची, त्या वर्षावर बोट ठेवायची आणि म्हणायची, "यात आपला नाहीच."

फूटपट्टी तडक संचालकांच्या खोलीत गेली.

"अहो, एका माणसाने काय फरक पडतो?" संचालक चहात बिस्किट बुडवत म्हणाले.

"फरक पडत नसेल तर घाला."

"असं कसं घाला? आपला देश तो केवढासा! एक वाढला तरी लाखामागचा आकडा टुणकन उडी मारतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच तोंडाने एक म्हणजे काहीच नाही, आणि एक म्हणजे फार!

"साहेब, तो मेला की नाही?"

"मेला, पण..."

"त्याला मारला की नाही?"

"मारला, पण..."

"मग तुमचा हा 'पण' कुठल्या रकान्यात घालू?"

यंदाचा आलेख काढणार नाही, असं तिने बजावलं आणि खरंच काढला नाही. संचालकांनी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, डोळे वटारले, बदलीची धमकी दिली. ती ढिम्म. शेवटी प्रकरण मंत्र्यांकडे गेलं.

दुसऱ्याच दिवशी संचालक हसत तिच्या टेबलापाशी आले. "जिंकलात तुम्ही! मंत्री म्हणाले, घाला की. निकाल लागलेले जुने सगळे खून घाला. ती वर्षं आधीच्या सरकारची. तेव्हाचे जितके वाढतील, तितकी आपली घट मोठी दिसेल."

"आणि या वर्षी मारलेले?"

"त्यांचे निकाल कुठे लागलेत? ते नुसते मृत्यू."

हातातली पेन्सिल त्यांच्या अंगावर भिरकावावी असं तिला वाटलं. पण घरी आई वाट बघत होती. दात-ओठ खात तिने आलेख काढला. दादाच्या वर्षाचा खांब उंच झाला आणि तिथून रेघ घसरगुंडीसारखी खाली आली.

आलेख जाहीर करायच्या कार्यक्रमाला आई ठेवणीतले कपडे घालून आली. मंत्र्यांनी त्या उंच खांबावर छडी टेकवली, मग ती सर्रकन खाली आणली. "इथून इथे आलो आपण!" सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"त्या उंच खांबात आपला आहे ना गं?" आईने विचारलं.

"आहे."

आईच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तीही टाळ्या वाजवू लागली. फूटपट्टीला ते बघवेना. हा तमाशा तिने स्वतःच्या हाताने काढून दिला होता. तिने आईचे हात घट्ट धरले. "नको वाजवूस, आई. हे दादासाठी वाजवत नाहीयेत."

"मग कशासाठी?" आईने विचारलं. आईला कमी ऐकू यायचं, म्हणून ती मोठ्यानेच बोलायची. पुढच्या दोन रांगा वळून बघू लागल्या.

"सांगते," फूटपट्टी म्हणाली आणि उभी राहिली. आईकडे नाही, थेट मंचाकडे बघत ती ओरडली, "यंदा मारलेली अकरा माणसं यात नाहीत!"