झाकलेला निकाल

अमेरिकेतल्या गुलामांच्या मृत्यूंच्या सरकारी चौकशा वाचणं हे माझं संशोधन. आखातात, फुजैरातल्या फ्लॅटमध्ये बसून मी ते दोनशे वर्षांपूर्वीचे कागद स्क्रीनवर वाचते. निकाल हातानं झाकून ठेवते, कारण तो हमखास मालकाच्या सोयीचा असतो. आधी साक्षी वाचते. त्या गुलामाच्या शेजारी कोण झोपायचं, आदल्या दिवशी त्यानं काय खाल्लं, कशाला घाबरायचा. मेलेला माणूस तिथेच जिवंत सापडतो.

दुपारी माझा नवरा सिद्धांत, तेलाच्या टर्मिनलवरचा सेफ्टी ऑफिसर, घाईघाईनं घरी आला. सकाळी तिथे टाकी धुताना एक कामगार गेला होता. सिद्धांतनं त्या मृत्यूचा रिपोर्ट माझ्या पुढ्यात टाकला.

"समिधा, इंग्लिश तेवढं बघ. सबमिट केला की खलास."

माझा तळहात आपोआप निकालावर गेला. साक्षी शोधल्या. एकही नव्हती.

"त्याच्या रूममधल्यांना विचारलंस?"

सिद्धांतचा फोन वाजला. त्यानं कट केला.

"तेच आहेत. सकाळपासून डोकं खातायत. म्हणे, टाकीतल्या वासानं कालच त्याला चक्कर आली होती."

"मग लिही ना ते!" मी ओरडलेच.

"हार्ट अटॅक आहे गं. खालचं वाच."

मी निकालावरचा हात उचलला. निकालाखाली सिद्धांतची सही होती. फोन पुन्हा वाजायला लागला.