खोलीत आणखी कोण असतं?

प्यो हेरान इम्सिल या ग्रामीण तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात नर्स होती. परदेशातून सून होऊन आलेल्या बायकांना बाळाला अंगावर पाजताना कोणाचा आधार मिळतो, यावर तिचं संशोधन चाललं होतं. बावीस बाळंतिणी, एकतीस प्रश्न. चौदा घरं झाली, पण एकाही बाळंतिणीने स्वतः उत्तर दिलं नव्हतं. सगळी उत्तरं सासवांची होती.

पंधरावं घर ओकबुन आजींचं. त्यांची सून लुआ व्हिएतनामची, बाळ चाळीस दिवसांचं.

"तुम्हाला सगळ्यात जास्त मदत कोणाची झाली?" हेरानने लुआला विचारलं.

"माझी," ओकबुन आजी म्हणाल्या. "दूध यावं म्हणून तिन्ही त्रिकाळ समुद्री शेवाळाचं सूप मीच पाजलं हिला. लिहा."

"आजी, त्यांना बोलू द्या ना."

लुआने बाळाचं टोपडं सारखं केलं. "मा आजोबांची," ती म्हणाली.

फॉर्मवर नवरा, आई, सासू आणि नर्स एवढेच होते.

"हे कोण?"

"शेजारचे. गाईवाले."

ओकबुन आजी उठून स्वयंपाकघरात गेल्या. तिथे भांडी जरा जास्तच वाजू लागली.

शेजारी मा आजोबा, म्हणजे मा ग्युसिक, गोठ्यात शेण काढत होते. वय त्र्याहत्तर, गाई अकरा.

"आजोबा, लुआला तुम्ही नेमकी काय मदत केलीत?"

"मी कसली मदत करणार? दूध द्यायला गेलो होतो. ओकबुन वहिनींचा आवाज पार अंगणात. 'आलं का? अजून नाही? आमच्या वेळी धारा लागायच्या!' आणि आत बाळ रडतंय. मी बाहेरूनच म्हटलं, वहिनी, गोठ्यात असं कोणी डोक्यावर उभं राहिलं, तर माझी गायसुद्धा पान्हा चोरते. तुम्ही जरा बाहेर या."

"मग?"

"आल्या ना. सुनेला गाय म्हणालो म्हणून तासभर मला झोडपलं."

"आणि आत?"

"आत बाळ पोटभर प्यायलं. दुसऱ्या दिवशी मी परत गेलो. पुन्हा तासभर शिव्या खाल्ल्या. आठवडाभर जात होतो."

हेरानने गाडीत बसून संशोधनाला मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"'इतर'मध्ये टाका," त्या म्हणाल्या. "गाय नको."

हेरानला स्वतःचं बाळंतपण आठवलं. थोरल्या मुलीच्या वेळी तिची सासूही अशीच उशाशी बसायची. नवव्या दिवशी हेरानने, स्वतः नर्स असूनही, दुधाच्या पावडरचा डबा फोडला होता आणि दूधच कमी होतं असं सगळ्यांना सांगितलं होतं. बारा वर्षं तीही तेच खरं धरून चालली होती.

तिने बत्तिसावा प्रश्न लिहिला: पाजताना खोलीत आणखी कोण असतं?

मग ती त्या चौदाही घरी पुन्हा गेली. या वेळी सोबत एक सहकारीण होती आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. सहकारिणीने सासूला ओसरीवर बसवून रक्तदाब मोजायचा, तोही तीनदा, सावकाश. तोवर आत हेरानने विचारायचं. अकराजणींनी सांगितलं, सासू. दोघी रडल्या. एकीने विचारलं, "सासूबाईंचं बीपी रोज मोजता येईल का?"

प्राध्यापकबाईंनी हे वाचलं आणि त्यांचा फोन आला. "गाय राहू द्या," त्या म्हणाल्या.

त्या हिवाळ्यापासून आरोग्य केंद्राची माणसं बाळंतिणीच्या घरी जाऊन सासूचा रक्तदाब मोजू लागली. ओकबुन आजींचा खरोखरच वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. आता रोज दुपारी त्या मा आजोबांच्या ओट्यावर बसून गोळीविषयी तक्रार करतात, आणि इकडे लुआ दार लोटून बाळाला पाजते.