कुंपणातला खाटीक

पाटी, ३ जून
आज दिसले: चिमण्या ११. फुलपाखरू १ (पांढरं). शांतता भरपूर.

ही पाटी शेजाऱ्यांच्या फाटकावर असते. वाचणारे दोघेच, मी आणि पोस्टमन. शेजारी म्हणजे आपोलीन आणि तिचा नवरा तिबो. दर उन्हाळ्यात पॅरिसहून निसर्ग बघायला येतात. निसर्ग त्यांना आरामखुर्चीतून लागतो आणि जेवणाच्या वेळा सांभाळून लागतो. गवत कापत नाहीत, कारण किडे. किड्यांसाठी दुकानातून लाकडी हॉटेल आणलंय, पाच मजली. सहा वर्षांत एक गिऱ्हाईक नाही. भर उन्हात पक्ष्यांसाठी चरबीचे गोळे टांगतात. ते वितळतात आणि माझा कुत्रा खालून चाटून जातो. त्याची नोंद पाटीवर नाही.

दोघांच्या दुर्बिणी त्या गोळ्यांकडे. पाठ कुंपणाकडे.

कुंपणात खाटीक आहे. मुठीएवढा पक्षी, तांबूस पाठ, डोळ्यांवर काळी पट्टी. मे महिन्यात आफ्रिकेतून येतो. नाकतोडा असो, सरडा असो, पकडला की काट्याला टोचून ठेवतो, सवडीने खायला. कुंपण जुनं, काटेरी, अर्धं माझं आणि अर्धं त्यांचं. यंदा जोडीने त्यात घरटं बांधलंय. मी कुणाला बोलले नाही.

का, ते तीन वर्षांपूर्वीच्या पाटीवर होतं:

हुदहुद, १ जोडी, आमच्या सफरचंदाच्या ढोलीत. या सगळे.

बारा जण आले. बारा खुर्च्या, गुलाबी वाइन. एकाने ढोलीत हात घालून फोनने फोटो काढले. चौथ्या दिवशी ती तुरेवाल्या पक्ष्यांची जोडी गेली. सहा अंडी मी माझ्या हाताने बाहेर काढली. गार होती.

पाटीवर आलं: हुदहुद स्थलांतरित झाले.

पाटी, १४ जून
(कोरी.)

त्या सकाळी आपोलीनची टोपी वाऱ्याने कुंपणावर गेली. टोपी काढायला ती आयुष्यात पहिल्यांदा कुंपणाजवळ आली, आणि तशीच सरपंचाकडे पळाली. दुपारी गाएतां माझ्या दारात, ती त्याच्या पाठीमागे. गाएतां आमचा सरपंच. शाळेच्या खानावळीत मी त्याला आठ वर्षं मसूर वाढलाय.

"आई बार्दू," तो म्हणाला. सगळं गाव मला असंच म्हणतं. "या मादाम म्हणतात, तुमच्या कुंपणावर वस्तू आहेत."

"कसल्या वस्तू?"

"सरडा," आपोलीन म्हणाली. "भुंगे. उंदराचं पिल्लू. सगळे टोचलेले. आमच्या घराकडे तोंड करून. या भागात काय चालतं ते मी वाचलंय."

आमच्या बेरी प्रांतात चेटूक चालतं, असं प्रवाशांच्या पत्रकात छापलेलं असतं. पत्रक गाएतांच्याच कचेरीत फुकट मिळतं.

गाएतांने कुंपणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गुरांमागे वाढलेला माणूस, त्याला कळलं होतं. मी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी. आत मादी कालपासून पाच अंड्यांवर बसली होती.

"कुंपण कापून टाका," आपोलीन म्हणाली. "नाहीतर आम्ही कॅमेरा लावतो. कोण करतंय ते तरी कळू दे."

कॅमेरा म्हणजे पक्षी. पक्षी म्हणजे बारा खुर्च्या.

"कॅमेरा कशाला," मी म्हणाले. "मीच करते."

"तुम्ही?"

"गुडघ्यांसाठी. वाळवायचं, कुटायचं, चोळायचं."

गाएतांला खोकला आला.

"आणि तो उंदीर?"

"तो डाव्या गुडघ्याचा."

ती एक पाऊल मागे सरली. "हे कधीपर्यंत चालणार?"

"जुलैच्या मध्यापर्यंत. तोवर कुणी जवळ फिरकलं की औषधाचा गुण जातो. आणि कुठे जातो ते सांगता येत नाही."

"आम्ही नाही येणार," ती म्हणाली. शिकलेली बाई. घरात पुस्तकांची भिंत आहे, त्यात पक्ष्यांची तीन.

जाताना गाएतां कुजबुजला, "खोटं बोललात की तुमचे कान अजून लाल होतात."

"मसूर खिशात लपवायचास तेव्हा तुझे व्हायचे. नीघ."

पाटी, २० जून
खुर्च्या बागेच्या पलीकडच्या टोकाला हलवल्या आहेत. प्रकाश चांगला. चिमण्या ११.

७ जुलै. पाटी वाचली नाही. गाएतां पुन्हा आला, टोपी हातात घेऊन.

चौदा जुलैच्या, म्हणजे राष्ट्रीय दिनाच्या गावजेवणाला बटाट्याचा पै, मैद्याच्या पारीत बटाटे नि साय भरून भाजलेला, मी करते. सव्वीस वर्षं. नवरा गेला त्या वर्षीही केला होता.

"यंदा तुम्ही जरा विश्रांती घ्या," तो म्हणाला.

"मी दमलेय असं कोण म्हणालं?"

"समिती. म्हणजे आपोलीन मादाम, आणि त्यांचं ऐकून बाकीचे. ज्या हातांनी उंदीर, त्याच हातांनी..." पुढचं त्याने गिळलं. "खरं सांगून टाकू का? आत्ता जाऊन सांगतो."

मला पाहिजे होतं. लाज वाटली तरी लिहिते, पाहिजे होतं. माझ्या सहा थाळ्या घासून ठेवलेल्या होत्या.

"पिल्लं नऊ दिवसांची झालीत," मी म्हणाले.

"मग अजून?"

"एक आठवडा."

"पै दुकानातून आणणार आहेत, आई बार्दू. गोठवलेला."

"मग आणू दे. तोंड बंद ठेव."

चौदा जुलैला चौकातला बँड माझ्या अंगणात ऐकू येत होता, ताटांचा आवाजसुद्धा. मी एकटीपुरता पै केला, साय जास्त घालून, आणि कुंपणापाशी बसून खाल्ला. दुपारी तीनच्या सुमारास पिल्लं बाहेर आली. पाचातली चार. शेपट्या अर्ध्याच, अंगावर खवल्यांसारखी नक्षी. धडपडत उडाली आणि नेमकी शेजाऱ्यांच्या तारेवर जाऊन बसली. बापाने येऊन एकेकाला नाकतोडा भरवला, त्यांच्या पाच मजली हॉटेलाच्या बरोब्बर वर.

दुसऱ्या सकाळी आपोलीनने गवताच्या मधोमध उभं राहून हाक मारली. पुढे आली नाही.

"मादाम बार्दू, तारेवर चार आहेत. तपकिरी. जरा लठ्ठ. कोण आहेत हो?"

गळ्यात दुर्बीण होती. झाकणं लावलेली.

"चिमण्या," मी म्हणाले.

"मला वाटलंच."

पाटी, १५ जुलै
आज दिसल्या: चिमण्या १५. चारने वाढ. आमच्या चरबीच्या गोळ्यांचा परिणाम.