ओल्या फडक्यावरचं ताट

बाबांनी ग्लासातलं पाणी कापडी नॅपकिनवर ओतलं, तो टेबलावर दोन्ही हातांनी नीट पसरला आणि त्यावर आपली रिकामी प्लेट ठेवली. शेजारच्या टेबलावरचं डच जोडपं जेवायचं थांबून बघायला लागलं.

"बाबा, हे हूफडॉर्प आहे. इथे काही हलत नाही," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"हलत नाय म्हणून काय झालं? सवय हाय ती."

सवय चौतीस वर्षांची. माझे बाबा, बळवंतराव, मालवाहू जहाजांवर कुक होते. समुद्र खवळला की ताटं टेबलावरून घसरतात, म्हणून खाली ओलं फडकं घालायचं. वर्षातून दोन महिने रजेवर आले की चिपळूणच्या घरीही हाच कार्यक्रम. "अहो, घराला काय लाटा लागतायत?" असं आई म्हणायची, आणि जेवणं झाली की तेच फडकं वाळत घालायची.

आई जाऊन पाच महिने झाले होते. तेव्हापासून बाबांनी चुलीकडे पाहिलं नव्हतं आणि ते धड जेवलेही नव्हते. मी त्यांना इकडे, नेदरलँड्सला माझ्या घरी घेऊन आले. दोन महिने सगळं करून पाहिलं. पोळ्या केल्या, मासे आणले, एकदा भाकरीही थापली (तिचं काय झालं ते विचारू नका). बाबा अर्धी पोळी चहात बुडवून खायचे आणि "पोट भरलं, बाय" म्हणून उठायचे. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. रविवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्या रिकाम्या घरात हा माणूस एकटा काय खाणार, या विचाराने माझी झोप उडाली होती. म्हणून शनिवारी दुपारी त्यांना ओढतच या फिलिपिनो हॉटेलात आणलं. अर्धं आयुष्य फिलिपिनो खलाशांत काढलंय, निदान त्यांचं तरी खातील, एवढाच माझा हिशेब.

हॉटेलची मालकीण नेनिता, साठीची, बुटकीशी बाई, भात घेऊन आली आणि प्लेटखालचा ओला नॅपकिन पाहून थबकली.

"किती वर्षं होता बोटीवर?" तिने इंग्रजीत विचारलं.

"थर्टी फोर. चीफ कुक," बाबा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी ताठ बसले.

ती आत गेली. येताना एक मोठं पिळलेलं फडकं घेऊन आली आणि आमच्या प्लेटा उचलून ते अख्ख्या टेबलावर अंथरलं. माझ्या बाजूलाही. "माझा नवरा पण जहाजावर होता," ती म्हणाली. "मरेपर्यंत असाच जेवला." मघाच्या माझ्या बोलण्याची मला लाज वाटली.

मग तिने मातीचं भांडं आणून ठेवलं. काळपट हिरवी भाजी, वर नारळाचं तेल सुटलेलं, मधे लाल मिरच्या. "लाइंग," ती म्हणाली. "आमच्या बिकोल भागातलं. सुकवलेली पानं, नारळाचं दूध, वाळवलेली कोळंबी."

मी वास घ्यायला वाकले आणि अंगावर काटाच आला. अळू होतं ते! आमच्या मोरीच्या पाण्यावर वाढणारं, नारळ घालून, जवळा घालून आमच्या घरी व्हायचं ते अळू. कुठे चिपळूण, कुठे ते बिकोल! एकानेही दुसऱ्याचं नाव ऐकलेलं नसेल. तरी दोन्हीकडच्या बायकांनी खाजऱ्या पानांना नारळानेच गप्प केलं होतं. मला देवळात गेल्यासारखं वाटलं, आणि देवळात मी सहसा जात नाही.

बाबांनी चमचा बाजूला सारला, भात कालवला, घास घेतला. चावला. थांबले. खाकरले.

"मध्येच ढवळलं कोणी?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

नेनिताचा चेहरा उतरला. पानं नारळाचं सगळं दूध पिईपर्यंत भांड्यात डाव घालायचा नाही, नाहीतर घशाला खाज सुटते, असा त्यांच्याकडे नियमच आहे म्हणे. सकाळी ती बाजारात गेली होती आणि आल्मेरेहून मदतीला आलेल्या बहिणीने डाव फिरवला होता. "पण तुम्हाला एका घासात कसं कळलं?" ती बघतच राहिली.

"एर्नेस्तोने शिकवलं. माझा पहिला चीफ. डाव दिसला की हातावर फटका."

मीही बघतच राहिले. माझ्यासाठी बाबा म्हणजे बॅगेतून चॉकलेटं काढणारे पाहुणे. या माणसाला काय काय येतं, हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

नेनिता भांडं उचलायला लागली. "हे नको, दुसरं करते."

बाबांनी दोन्ही हातांनी भांडं धरून ठेवलं. "नो, नो. राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी आई ढवळायची. मी अळू चुलीवर चढवून आंघोळीला जायचो, तेवढ्यात ही डाव घालायची. खाली लागेल म्हणून. दर खेपेला घसा खवखवायचा."

"मग कधी बोलला नाहीत?"

"दोन महिन्यांसाठी घरी यायचो, बाय. त्यात अळवावरनं काय भांडायचं?"

आणि ते जेवायला लागले. खाकरत, पाणी पीत, पुन्हा घास घेत. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण हात थांबला नाही. मलाही रडू आवरेना. भांडं रिकामं झालं तेव्हा त्यांनी बोटाने कड पुसून घेतली आणि नेनिताला म्हणाले, "राइस. लिटल मोअर."

रविवारी ते गेले. बुधवारी मी ऑफिसात असताना फोन वाजला. बाबांनी फोटो पाठवला होता, आयुष्यात पहिल्यांदा. चिपळूणचं टेबल, त्यावर आईचं फुलाफुलांचं फडकं, कडेपर्यंत भिजलेलं. त्यावर एकच ताट. भात आणि अळू.

खाली लिहिलं होतं, "अळू केलं. मधेच ढवळलं. घसा खवखवतोय."