चुकवण्यात हुशार सुरा

मी एक जुना फेकायचा सुरा आहे, मित्रांनो, आणि भयंकर जळका आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. जळतो कोणावर? त्या काळ्या मुठीच्या चिरकुट चाकूवर. तो मालकाच्या पट्ट्यात ऐटीत बसायचा आणि मी खणात, बाटल्यांची बुचं आणि सुतळीच्या गुंत्याशेजारी!

मोडक्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पट्टीतून प्लोवदिव शहरातल्या एका लोहाराने मला घडवलं. टोक अणकुचीदार, धार मात्र नाही. आम्हाला धार दिली तर फेकणाऱ्याचाच हात कापेल. सर्कशीत झाप्रियान मला फेकायचा, आणि त्याची बायको दोब्रिना फळीला पाठ लावून उभी राहायची. खट्ट! तिच्या कानापासून बोटभर लांब. काय टाळ्या पडायच्या!

मग सर्कस बंद पडली. दोघं रोदोपीच्या डोंगरात, तिच्या गावी आली. तिथे मी काय करणार? चीज कापायला घेतलं तर चुरा, टोमॅटो कापायला घेतला तर रस्सा. काळमुठ्या मात्र झराझरा कापायचा आणि झाप्रियान म्हणायचा, "किती गुणी आहे रे हा!" ऐकून माझ्यावर गंज चढायचा.

एकदा झाप्रियान मला मिरवायला गावच्या गुत्त्यात घेऊन गेला, तर स्तामेन नावाच्या शिकाऱ्याने त्याला डिवचलं. "झाप्रियानदादा, तुझ्या सुऱ्याला येतं तरी काय? आयुष्यभर एकाच बाईवर सोडलास, आणि वहिनी अजून ठणठणीत!"

सगळा गुत्ता खिदळला. झाप्रियान लालबुंद. "बंदुकीशिवाय ससा आणून दाखवतो. ह्याच सुऱ्याने! आणला की हाच पट्ट्यात, तो दुसरा खणात."

"आणि नाही आणलास तर?"

"तर सुरा तुझा."

"चालेल की. खुराडं खरवडायला मला काहीतरी हवंच होतं."

खुराडं! माझी तर पातीच थरथरली. पण पट्टा! काळमुठ्या खणात! मनात उकळ्या फुटत होत्या.

सकाळी झाप्रियान, स्तामेन आणि मी रानात गेलो. काळमुठ्याही आलाच, पट्ट्यात बसून. पहिला ससा दिसला. पण फळीचं अंतर झाप्रियानला पाठ होतं, सशाचं कुठून असणार? मी हवेत एक गिरकी जास्त मारली आणि मुठीकडून झुडपात आपटलो. ससा पसार. झाप्रियान नेच्यांत मला शोधत बसला.

खडकावर अक्रोड फोडत स्तामेन ओरडला, "दादा, आज सशाची शिकार आहे की सुऱ्याची?"

मग दुसरा ससा. खोडाला टेकून, कान पाडून, अगदी दोब्रिनासारखा गप्प बसलेला. अंतरही नेमकं फळीचं! झाप्रियानने मला सोडलं. अशी सुरेख गिरकी मी सर्कशीतही घेतली नव्हती. खट्ट!

सशाच्या कानापासून बोटभर लांब.

ससा माझ्याकडे बघतच राहिला, मग उड्या मारत गेला. समोर श्वास घेणारं अंग दिसलं की बोटभर चुकवायचं, झाप्रियानच्या हाताला दुसरं येतच नव्हतं. मी खोडात इतका रुतलो की निघेना. मला उकरून कोणी काढलं असेल? काळमुठ्याने! ह्याहून खुराडं परवडलं असतं.

स्तामेन मला न्यायला घरी आला, तर दारात दोब्रिना उभी. "सुरा मिळायचा नाही."

"वहिनी, शब्द म्हणजे शब्द."

"शब्द त्याने दिला, कान माझे होते. ससा मेला असता तर मी घाबरले असते, भाऊजी. ज्या हातापुढे डोळे मिटून उभी राहिले, तो अजून तसाच आहे. खुराड्यासाठी माझं उलथनं न्या."

स्तामेन डोकं खाजवत उलथनं घेऊन गेला.

दोब्रिनाने मला अक्रोडाचं तेल चोळलं आणि चुलीवरच्या भिंतीला टांगलं. तेव्हा मित्रांनो, फेकायचा सुरा घेऊन शिकारीला जाऊ नका. अंतर जरा चुकलं की मूठ लागते, एकदा सुटला की हात रिकामा, आणि अर्धवट लागलेलं जनावर झुडपात तडफडत मरतं. आम्हाला फळीवर फेका, नंतर पुसा, तेल लावा.

खाली काळमुठ्या रोज मिरच्या चिरतो आणि शाबासकी खातो. खाऊ दे. काल त्याच्या मुठीजवळ मला गंजाचा एक ठिपका दिसला. दोब्रिनाला सांगू नका हं!