अप्पांनी अर्धं सोडलेलं पत्र

मी एक इंग्रजी कादंबरी बोलतेय. माझ्यात सगळी पत्रंच. खेड्यातली एक मुलगी मोठ्या शहरात पाहुणी जाते, नाचाच्या समारंभात फजिती करून घेते आणि सगळं आपल्या म्हाताऱ्या पालकाला कळवते. तोही दर वेळी उत्तर धाडतो.

१९५८ साली मल्लेश्वरमच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून वीणानं मला घरी आणलं. तिची इंटर नुकतीच झाली होती. बी.ए.चं नाव घरात कुणी काढत नव्हतं. स्थळ मात्र बघून झालं होतं आणि रविवारी मंडळी येणार होती. पोरीला चैन नव्हतं. मला घेऊन जिन्यात बसायची, उठायची, परसात जायची, पुन्हा येऊन बसायची. तिच्या येरझारांनी मीच दमून जायचे. शेवटी तिनं माझ्यातली पत्रं मराठीत उतरवायला घेतली.

शुक्रवारी त्यातला एक कागद सकवारआत्यांच्या हाती लागला. आत्यांना इंग्रजी येत नव्हतं. मराठी मात्र घडाघडा वाचायच्या.

"व्यंकोजी, हे बघ! 'आदरणीय महाशय, काल मी नाचाला गेले होते.' कोण रे हा महाशय? आणि ही नाचायला गेली कुठं?"

"आत्या, स्वल्प ऐका तरी! ते पुस्तकातलं आहे," वीणा रडकुंडीला आली.

"सरी, बरं, दाखव पुस्तक," अप्पा, म्हणजे वीणाचे वडील व्यंकोजी, म्हणाले.

अप्पा रेल्वे कचेरीत हेडक्लार्क. दिवसभर इंग्रजी पत्रांचे मसुदे करायचे. त्यांनी ओळीवर बोट ठेवून ताडून पाहिलं. सगळं जुळत होतं, मला हायसं वाटलं. पण शेवटच्या ओळी माझ्यात नव्हत्याच:

'महाशय, मला शिकायचंय. घरात सांगू कुणाला? तुम्ही निदान उत्तर तरी देता.'

अप्पांनी त्या मोठ्यानं वाचल्या नाहीत. "पुस्तकातलंच आहे," एवढंच बहिणीला सांगून ते मला घेऊन टेबलाशी बसले. त्याच कागदाच्या मागं लिहिलं, 'चि. वीणा हीस अनेक आशीर्वाद.' पेन तिथंच थांबलं. कचेरीत पानंच्या पानं लिहिणारा माणूस! माझा जीव नुसता तडफडत होता. थोड्या वेळानं त्यांनी कागद माझ्यात घातला आणि मला कपाटात ठेवून दिलं.

रविवारी मंडळी आली. महिन्याभरात लग्न झालं आणि वीणा धारवाडला गेली.

याला आता चार वर्षं झाली. तिची पत्रं येतात, उत्तरं आत्या लिहितात. अप्पा दर रविवारी मला बाहेर काढतात, तो कागद उलगडतात, पेनचं टोपण काढतात आणि परत लावतात.

अहो अप्पा, लिहा ना पुढं. निदान 'चुकलो' एवढं तरी लिहा.